चिठ्ठी आधी की तपासणी आधी? गुडघ्याच्या दुखापतीचा छोटा इतिहास



संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा आजच्या आकडेवारीपासून सुरुवात करतो. आज जरा मागे जाऊ. कारण काही प्रश्न इतिहास वाचल्याशिवाय नीट मांडताच येत नाहीत.

समजा, पंढरपूर तालुक्यातल्या करकंबमध्ये कबड्डी खेळताना एका मुलाचा गुडघा पिरगळला. आतून 'कट्' असा आवाज आला, तासा-दोन तासांत गुडघा टम्म सुजला. घरी तेल लावून चोळला. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. "आराम कर" एवढाच सल्ला मिळाला. महिन्याभरात सूज उतरली, पोरगं पुन्हा मैदानात गेलं आणि वळताना गुडघा परत सटकला. आता ऑपरेशनची भाषा सुरू झाली. फिजिओथेरपिस्टचं नाव निघतं ते त्यानंतर. आपला प्रश्न हा, की फिजिओथेरपिस्ट रांगेत शेवटी का?

चिठ्ठीचा नियम आला कुठून?

१८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार महिलांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संस्था काढली. त्या काळात मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी ओरड होती. व्यवसायाची अब्रू वाचवायची म्हणून या संस्थेने एक नियम केला : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही. लक्षात घ्या, हा नियम प्रतिष्ठेच्या गरजेतून आला. कोणाला तपासता येतं आणि कोणाला नाही, याची चाचणी घेऊन तो ठरला नव्हता.

आपल्याकडे या शास्त्राची वाट पोलिओने मोकळी केली. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला होता. त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्या वेळी काम होतं ते आजार येऊन गेल्यावर उरलेली ताकद वाढवण्याचं. म्हणजे निदान आधीच झालेलं, फिजिओथेरपिस्ट नंतर. पोलिओसाठी हा क्रम बरोबरच होता. पण ताज्या सुजलेल्या गुडघ्यालाही तोच लागू पडतो का?

गुडघा हाताने कळतो

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. लिगामेंट आणि मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, दिसत नाही. ती शोधायला हाताच्या चाचण्या आहेत. मेनिस्कससाठी लिव्हरपूलच्या मॅकमरे यांची चाचणी १९४२ ची. एसीएल या लिगामेंटसाठी जुनी पद्धत होती गुडघा ९० अंशात वाकवून नडगी पुढे ओढण्याची. पण ताज्या दुखापतीत गुडघा तेवढा वाकतच नाही! १९७६ मध्ये टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियाच्या लॅकमन यांची पद्धत छापली. तिच्यात गुडघा २० ते ३० अंशच वाकवावा लागतो. लवकर तपासणी करण्याची मोठी अडचण तिथे कमी झाली.

१९९५ मध्ये कॅनडात स्टील आणि सहकाऱ्यांनी 'ओटावा नियम' मांडले. वय ५५ किंवा जास्त, फक्त वाटीवर दुखणं, बाहेरच्या बाजूला फिब्युलाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा ९० अंश न वाकणं, लागल्या लागल्या आणि तपासतानाही चार पावलं न टाकता येणं. यातलं एकही असेल तर एक्स-रे काढायचा. या कशालाच यंत्र लागत नाही, लागतो तो शिकलेला हात आणि थोडा वेळ.

क्रम बदलला तेव्हा

ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने १९७६ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट आपल्या नीतिनियमांतून काढली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्येही त्यांच्या स्वतंत्र निर्णयाला मान्यता मिळाली. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा, आणि देशपातळीवरचा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा २०२१ चा.

उपचारांचा पुरावाही वाढला. २०१० मध्ये स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचे दोन गट केले. एका गटाला व्यायामोपचार आणि लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला आधी व्यायामोपचार आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या त्रासात आणि हालचालीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी २३ जणांनाच तोवर ऑपरेशन लागलं. पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० झाला. म्हणजे ऑपरेशन निरुपयोगी असं अजिबात नाही. पण सुरुवातीलाच कोणीतरी नीट तपासून, व्यायाम देऊन, पुन्हा पुन्हा बघत राहिलं तर निर्णय घाईत घ्यावा लागत नाही.

अर्थात मर्यादाही ओळखा. पहिल्या दिवशी वेदनेमुळे चाचणी फसवू शकते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. पाय गार पडला, गुडघा जागचा निखळला, अडकून बसला किंवा तापासोबत लाल-गरम झाला, तर थेट रुग्णालयच. लवकर तपासणाऱ्याचं अर्धं काम हेच असतं : कोणाला ताबडतोब पुढे पाठवायचं ते ओळखणं.

मग आपला प्रश्न काय?

"गुडघेदुखीत फिजिओथेरपीचा परिणाम" हा विषय फार मोघम आहे. त्याऐवजी असं विचारा : दुखापतीपासून पहिल्या नीट तपासणीपर्यंत किती दिवस गेले? पहिला हात कोणाचा लागला? त्या काळात गुडघा पुन्हा किती वेळा सटकला? करकंबसारख्या गावात एका हंगामातले खेळाडू, तालमीतली पोरं यांच्याकडून, आवश्यक त्या परवानग्या आणि संमती घेऊन, एवढी माहिती वहीतही नोंदवता येईल.

इंग्लंडमधला अब्रूचा प्रश्न केव्हाच मिटला आणि पोलिओही आपण देशातून हद्दपार केला. त्या दोन्हींमुळे ठरलेली रांग मात्र सवयीने चालू राहू शकते. ती आजही योग्य आहे का, हे मोजून सांगणं तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम आहे.