हुकमांचे क्रमांक आणि घेणाऱ्याचा अधिकार

कुरखेड्याच्या माणसाला रेल्वे गाठायची तर वडशाला जावे लागते. एकेरी लोहमार्गाचा जुना नियम असा, की पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही. पाठवणारा एक, पण केव्हा पाठवावे हे सांगणारा दुसरा. संगणकाच्या इतिहासात हाच नियम निराळ्या रूपाने आला, त्याची ही हकिकत.

साठवणीच्या तबकडीला ‘हे वाच, ते लिही’ असे हुकूम कसे द्यावेत, याची ‘स्कझी’ ही प्रमाणपद्धती १९८६ साली अमेरिकेत ठरली. मध्ये काही मीटरांची तार. हुकूम निघेल त्याच क्रमाने पोहोचे. पुढे तबकड्या दूर गेल्या, आणि हेच हुकूम इंटरनेटच्या वाटेने नेण्याचा विचार निघाला. आय.बी.एम.चे ज्युलियन सॅत्रान व त्यांचे सहकारी यांनी लिहिलेली ‘आयस्कझी’ ही पद्धती एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिच्यात एकाच बैठकीसाठी अनेक जोडण्या वापरता येतात. प्रत्येक जोडणी आपापला क्रम राखते. पण एक मंदावली तर दुसरीवरचा मागाहूनचा हुकूम पुढे जायचा. समजा, पहिला हुकूम चुकीचा फेरफार लिहिण्याचा आणि दुसरा त्याच जागी दुरुस्ती लिहिण्याचा. दुसरा आधी पोहोचला तर दुरुस्तीवर पुन्हा चूक बसेल, आणि सातबाऱ्यावरून खऱ्या कुळाचे नावच जायचे!

म्हणून प्रत्येक हुकमाला साऱ्या बैठकीचा मिळून एकच चढता क्रमांक दिला. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो. क्रमांक ४१ यायचा असेल तर ४२ आला तरी थांबवून ठेवायचा.

पण थांबवायला जागा हवी ना? टीसीपी हे इंटरनेटचे वाहन बाइट मोजते, हुकूम मोजत नाही. म्हणून तबकडीकडची बाजू आपल्या प्रत्येक उत्तरात दोन आकडे कळवते: पुढचा अपेक्षित क्रमांक आणि शेवटचा स्वीकारार्ह क्रमांक. ‘४१’ आणि ‘४८’ म्हटले, म्हणजे आठ हुकूम चालतील. ‘४१’ आणि ‘४०’ म्हटले, म्हणजे दार बंद. मर्यादेबाहेरचा हुकूम आला, तर ती काही न बोलता टाकून देते.

सवलत फक्त तातडीच्या हुकमाला, उदाहरणार्थ आधीचे काम रद्द करा असे सांगणाऱ्याला. तो रांगेत थांबत नाही आणि क्रमांकही खर्च करीत नाही. एप्रिल २०१४ मध्ये पद्धतीची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिनेही हे क्रमांक तसेच राखले, आणि किती घ्यायचे हे सांगण्याचा हक्क घेणाऱ्याकडेच ठेवला.