घोडा का लंगडतो?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. कोडे गमतीचे आहे. पण घोड्याच्या वैद्याला ते शब्दशः लागू पडते. खुंट्याला बांधलेला घोडा आपले दुखणे सांगत नाही. जखम नाही, सूज नाही, तरी पाऊल बिघडलेले, अशा लंगडण्याचे मूळ शोधायला माणसाला शतके लागली. त्या शोधाचा एक धागा आपल्या दख्खनमधूनही गेला आहे.

मराठी फौजेत हा प्रश्न थेट पोटाचा होता. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा मात्र स्वतःचा. तो लंगडला की रोजीवर गदा. म्हणून नालबंद आणि सालोत्री ही माणसे मोलाची. ‘सालोत्री’ हा शब्द आला शालिहोत्रावरून. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून परंपरा त्याचे नाव घेते. ही विद्या संस्कृतातच कोंडून राहिली नाही. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात अब्दुल्ला बिन सफी याने ती फारसीत नेली. नकुलाच्या नावावरचे ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ साली छापले. त्या ग्रंथालयाची भरभराट भोसले राजांनी केलेली. ग्रंथ संस्कृत, भाषांतर फारसी आणि खूर हातात धरणारा मराठी किंवा कानडी बोलणारा! सीमाभागातल्या वाचकाला याचे नवल वाटू नये.

जुन्या उपचारात शेक, लेप, रक्त काढणे आणि तापल्या लोखंडाचा डाग हे सारे होते. युरोपातही निराळे काही नव्हते. अडचण औषधाची नव्हती, जागेची होती. पुढचा पाय दुखू लागला की घोडा आखूड पाऊल टाकतो आणि काही काळाने त्याच्या खांद्याचे मांस झडते. पाहणाऱ्याला वाटे, दोष खांद्यातच. मग दुखणे खुरात आणि डाग खांद्यावर!

१७६२ साली फ्रान्समध्ये लिआँ येथे पहिली पशुवैद्यक शाळा सुरू झाली आणि मेलेल्या जनावरांचे पाय पद्धतशीर चिरून पाहिले जाऊ लागले. तिथेच शिकलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज १८०८ साली बिहारमधील पुसा येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या अश्वपैदास केंद्राचा प्रमुख म्हणून आला. इंग्लंडात १८१६ च्या सुमारास जेम्स टर्नर याने दाखवून दिले की, पुष्कळ ‘कारण नसलेल्या’ लंगडण्याचे मूळ खुराच्या पोटात, नावेच्या आकाराच्या एका लहानशा हाडापाशी असते. बाहेरून तिथले काहीच दिसत नाही.

कळले, पण उपाय? खुराकडे जाणारी नस कापू लागले. वेदना थांबे, घोडा चालू लागे. रोग मात्र आत तसाच राही. बधिर खुरात खिळा रुतला तरी घोड्याला पत्ता नसे.

पुढे त्याच नसेचा शहाणा उपयोग सापडला. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. तेव्हापासून नस कापण्याऐवजी ती तासाभरापुरती बधिर करता येऊ लागली, आणि उपचाराचे निदान झाले. १८९५ मध्ये क्ष-किरण आले. त्याआधीच, १८८६ साली, मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते.

आजची रीत अशी : आधी खूर साफ करून चिमट्याने ठिकठिकाणी दाबून पाहायचे, नालेचा खिळा जिवंत भागाजवळ गेला आहे का, तेही तपासायचे. मग कठीण जमिनीवर घोडा सरळ दुडक्या चालीने पळवायचा. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगल्या पायावर ती खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. नंतर गोल फिरवायचे. तरीही जागा सापडली नाही तर खुरापासून सुरुवात करून वरवर एकेक भाग बधिर करत जायचे. ज्या सुईनंतर घोडा नीट पळू लागला, दुखणे त्या भागात. छायाचित्र घ्यायचे ते तिथलेच.

उपचार त्यानंतर. खुरात पू असेल तर वाट करून देताच घोडा बहुधा काही दिवसांत सावरतो. नावेसारख्या हाडाचे दुखणे असेल तर खुराची तासणी, योग्य नाल आणि वेदनाशामक यांवर बराच काळ काढता येतो. शीर दुखावली असेल तर महिनोन्‌महिने विश्रांती आणि मोजकी चाल. डागण्याने शीर लवकर भरते हा समज १९८३ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी तपासला. फायदा आढळला नाही. डागानंतर घोडा बांधून ठेवत, गुण येई तो त्या विश्रांतीचा; श्रेय मात्र लोखंडाला जाई.

मुक्या जनावराला आपल्या अज्ञानाची किंमत स्वतःच्या कातडीने मोजावी लागते. म्हणून जागा कळेपर्यंत डाग, लेप, सुरी सारे बाजूला ठेवायचे आणि घोडा पुन्हा एकदा फिरवून पाहायचा.