पाण्यावरचा मुक्काम : वसईच्या यांत्रिक होड्या

वसई किल्ल्याला लागून पाचूबंदर आणि किल्लाबंदर, खाडीकाठी नायगाव आणि खोचिवडे, उत्तरेला वैतरणेच्या मुखाजवळ अर्नाळा. या कोळीवाड्यांतून मोठी होडी समुद्रावर निघते तेव्हा सहा-आठ माणसांचे घरही तिच्याबरोबर निघते. चूल, पाण्याचे पिंप, तांदूळ, बर्फ, जाळी आणि डिझेल यांच्यासह तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशी कित्येक दिवस तिच्यावर राहतात. जेवण, झोप आणि काम सगळे त्याच फळ्यांवर चालते. हा मुक्काम आज परंपरागत वाटतो, पण तो इंजिनाबरोबर आला. शिडाच्या काळात होडीवर संसार थाटण्याची गरज फारशी पडत नसे.

होडी बांधण्याची विद्या मात्र इथे जुनी आहे. वैतरणेच्या खोऱ्यातला साग जवळ आणि खाड्या सुरक्षित, त्यामुळे आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी ओळखली जात होती. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. सत्ता बदलत राहिल्या तरी किनाऱ्यावरच्या सुताराचे काम सुरूच राहिले. फळीला फळी जोडायची, सांध्यांत कापूस ठोकून बसवायचा, वर राळ भरायची. हे ज्ञान कागदावर नव्हते, कारागिराच्या हातात होते.

या किनाऱ्याची खरी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळते होत गेलेले पिशवीसारखे मोठे जाळे. समुद्राच्या तळात खुंट ठोकून ते बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच त्यात मासळी आणून सोडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, प्रवाहाला जोर असतो आणि डोल भरते. अष्टमीच्या सुमारास भांग लागतो, पाणी मंदावते आणि कामही थंडावते. बोंबील, जवळा, मांदेली, वाकटी ही डोलीची मासळी. खुंट ठोकायची प्रत्येकाची जागा ठरलेली, तिला कव म्हणतात. शिडाच्या होडीला वारा आणि ओहोटी नेईल तितकेच लांब जाता येई, म्हणून कवी किनाऱ्यापासून फार दूर नसत. भरतीबरोबर होडी परत येई आणि बोंबील वलांड्यांवर (बांबूच्या मांडवांवर) सुकत पडत. बर्फ नव्हता, त्यामुळे मासळी सुकवणे हाच ती टिकवण्याचा मुख्य मार्ग होता.

स्वातंत्र्यानंतर, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या (1951–56) काळापासून, मच्छीमार होड्यांवर डिझेल इंजिने बसवण्याला सरकारी प्रोत्साहन मिळू लागले. सहकारी संस्थांमार्फत कर्ज आणि अनुदान येऊ लागले. 1963 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या पैशातूनही पुढे अनेक यांत्रिक होड्या बांधल्या गेल्या. सुती आणि तागी जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फाचे कारखाने निघाले आणि ताजी मासळी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. ती नेणारी रेल्वे मात्र या भागात आधीपासून होती. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंतची पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजीच सुटली होती. नायगाव-वसईच्या कोळणी टोपल्या घेऊन मुंबईच्या गाड्या धरू लागल्या त्यामागे हीच साखळी आहे.

इंजिनाने समुद्र मोठा केला. वाऱ्याची वाट पाहायची नाही, म्हणून होड्या खोल पाण्यात आणि उत्तरेकडे जाऊ लागल्या. दरम्यान खाडीतला रेती उपसा, सांडपाणी आणि वाढलेली मासेमारी यांमुळे किनाऱ्याजवळची मासळी कमी होत गेली, तेव्हा लांब जाणे ही निकड झाली. वसई, अर्नाळा आणि उत्तन इथल्या डोली उत्तरेला सरकल्या आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांशी कवींच्या हद्दीवरून वाद उभा राहिला. तो दशकानुदशके मिटलेला नाही. त्यात कोणा एका गावाला दोष देणे योग्य होणार नाही, कारण दोघांनाही त्याच आटत्या मासळीने लांब ढकलले. अंतर वाढले तसा मुक्काम वाढला, आणि मुक्काम वाढला तशी होडीवर केबिन आली, बर्फाचे कप्पे आले, चुलीच्या जागी स्टोव्ह आणि मग गॅस आला.

होडी जुनी झाली की या घराचा खरा कस लागतो. लाकडाला समुद्रातली कीड आतून पोखरते आणि वरून फळी शाबूत दिसत राहते. सांधे सैल झाले की तळात पाणी साचते, मग रात्रीच्या झोपेतूनही कोणी ना कोणी ते उपसायला उठते. पंप बसवला तरी तो चालतो इंजिनावरच, आणि नेमके इंजिनच बंद पडले तर पुन्हा डबा हाती घ्यावा लागतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी समुद्रातूनच ओढले जाते. गाळ किंवा प्लास्टिक नळीत अडकले की ते तापते. पाण्याखालच्या पंख्यात जाळे गुंडाळले तर एखादा खलाशी सुरी घेऊन पाण्यात उतरतो आणि होडीच्या तळाशी जाऊन एकेक धागा कापतो. शाफ्ट वाकला किंवा गिअर गेला तर मात्र दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढत नेण्याशिवाय उपाय नसतो. अशा वेळी ओढणारा स्वतःचे डिझेल आणि धंद्याचा दिवस घालवतो. आज याची पाळी, उद्या त्याची, हे सगळ्यांना ठाऊक असते.

असे फिरते घर आता रस्त्यावरही आले आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि चाकांवरचे घर ही कल्पना सुट्टीच्या प्रवासात शिरली. रस्त्यावर ते बंद पडले तर कडेला लावता येते. समुद्रात कडा नसते, आणि जुन्या होडीवरच्या माणसाची सगळी सावधगिरी याच एका गोष्टीतून आलेली आहे. 11 नोव्हेंबर 2009 रोजी आलेल्या फयान वादळाने कोकण किनाऱ्यावरच्या कित्येक होड्या बाहेर असताना गाठल्या. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले तेव्हा मात्र इशारा आधीच पोचला होता आणि होड्या माघारी बोलावल्या गेल्या. तरीही नांगरलेल्या होड्यांचे नुकसान झालेच. वायरलेस, जीपीएस आणि मोबाईल यांनी जुन्या होडीचे आयुष्य सुरक्षित केले हे खरे, पण ती उपकरणे गळका सांधा बुजवत नाहीत.

जुन्या लाकडी होडीची जमेची बाजूही मोठी. निगा राखली तर ती दोन दशकांहून अधिक काळ चालते आणि तिचे जवळजवळ प्रत्येक दुखणे गावातच बरे होते. सडलेली एक फळी काढून दुसरी बसवता येते. इंजिन खोलणारा मिस्त्री शेजारच्या आळीत भेटतो. कर्ज फिटलेली जुनी होडी नाखव्याला, म्हणजे होडीच्या मालकाला, निश्चिंत झोप देते. ही झोप नव्या होडीच्या हप्त्यांत मिळत नाही. आता लाकूड महाग झाले, जाणते सुतार कमी झाले आणि फायबरच्या होड्या आल्या. त्या हलक्या आहेत, त्यांना कीड लागत नाही. पण त्यांच्या दुरुस्तीचे कसब वेगळे, आणि कापूस-राळ जाणणाऱ्या सुताराच्या हाताला तिथे काम नाही. वसईच्या किनाऱ्याने गमावलेल्या गोष्टींत हे नुकसान वरच्या क्रमांकाचे मानले पाहिजे.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. त्याआधी होड्या वर ओढून शाकारतात. पूर्वी लाकडी ओंडक्यांवरून, सगळ्या गावाने दोरखंडाला हात लावून त्या ओढल्या जात. आता क्रेन किंवा ट्रॅक्टर लागतो. या दोन महिन्यांत फळ्या तपासल्या जातात, सांधे भरले जातात, इंजिन उघडले जाते, रंग लागतो. बंदी उठते 1 ऑगस्टला, पण अनेक कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय जाळे टाकत नाहीत, आणि ख्रिस्ती कोळीवाड्यांत धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. मग पिंपे भरली जातात, बर्फ चढतो आणि सर्वात जुनी होडीही उधाणाच्या पाण्यावर पुन्हा तरंगते.