खाणावळ तिची, नाव कुणाचं?

बाजाराच्या दिवशी चायनीजच्या गाडीवर ‘शेजवान’ हा शब्द आपण सगळ्यांनीच वाचलाय. ते एका प्रांताचं नाव आहे. चीनच्या नैर्ऋत्येला सिचुआन प्रांत आहे, त्याचंच आपल्याकडे शेजवान झालं. गाडीवरची लाल चटणी मात्र आपल्याच देशात घडली. खऱ्या सिचुआनी जेवणात मिरचीबरोबर एक जीभ बधिर करणारं फळ असतं. कोकणात बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतात ना, त्याचंच ते भावंड.

मिरची मूळची तिथली नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली, चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. सिचुआनशेजारच्या ग्वेचौ प्रांतात मीठ तयार होत नसे. बाहेरचं महाग मीठ गरिबाला परवडत नसे. १७२१ सालच्या तिथल्या एका गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की लोक मिठाच्या जागी मिरची वापरतात. म्हणजे हे तिखट गरिबाच्या चुलीवरचं. ते जगभर पोचवलं दोन बायकांच्या खाणावळींनी.

पहिली खाणावळ सिचुआनमधल्या चेंगदू शहरात, वानफू पुलाजवळ, १८६२ साली सुरू झाली. ती चेन नावाच्या माणसाची बायको चालवायची. तेलाचे डबे वाहणारे हमाल तिथे जेवायला थांबत. सांगतात, की ते आपलंच तेल, मटण आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, घेऊन येत. ती रांधून द्यायची आणि मजुरी घ्यायची. मिरची, आंबवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं तिखट आणि तिरफळाचं ते भावंड घालून तिनं जो टोफू केला, तो आज जगभर मिळतो. त्याचं नाव ‘मापो टोफू’. मापो म्हणजे देवीच्या व्रणांची म्हातारी. पदार्थ तिचा, पण नावात आले नवऱ्याचं आडनाव आणि तोंडावरचे व्रण. चेंगदूमध्ये ‘चेन मापो टोफू’ ही खाणावळ आजही चालू आहे.

दुसरी खाणावळ ग्वेचौ प्रांतातल्या ग्वेयांग शहरातली. ताओ हुआबी ही शाळा न शिकलेली बाई. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं. १९८९ साली तिनं पडून राहिलेल्या विटा गोळा करून छोटी खाणावळ उभी केली. तिथे ती थंड नूडल्स विकायची आणि सोबत घरची मिरचीची चटणी द्यायची. गरीब विद्यार्थ्यांना सवलत द्यायची, म्हणून ते तिला ‘लाओ गान मा’ म्हणू लागले, म्हणजे मानलेली आई. एके दिवशी चटणी केली नव्हती, तर गिऱ्हाईक न जेवताच परत गेलं. आपलं खरं भांडवल कशात आहे, हे तिनं तिथे ओळखलं. १९९६ साली चाळीस कामगार घेऊन तिनं चटणीचा कारखाना काढला. बाटलीवर नाव तेच, लाओ गान मा, आणि फोटो तिचा स्वतःचा. नक्कल करणारे लगेच आले. ती कोर्टात गेली, आणि २००१ साली निकाल तिच्या बाजूनं लागला.

मैत्रिणींनो, दोघींच्या हाताला चव सारखीच होती. दुसरीनं नाव स्वतः ठरवलं, बाटलीवर छापलं आणि कायद्यानं राखलं. आपल्या गटांचा ठेचा, मसाला, शेंगदाण्याची चटणी व्यापारी सुटी नेतात आणि त्यावर आपलं लेबल लावून विकतात. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हिशेबाच्या वहीबरोबर एवढा विषय जरूर घ्या: आपल्या पाकिटावर नाव कुणाचं आहे, आणि त्या नावाची नोंदणी करायला आपल्यापैकी कोण जाणार?