काचपट्टी आणि तिच्यासोबतचा कागद

१/
सांगवीतल्या एखाद्या रुग्णालयात कुणाची गाठ काढली जाते, तेव्हा तिचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पडतो आणि बाटलीबरोबर एक छापील कागद जातो. वय, लिंग, शरीराचा भाग, त्रास किती दिवसांचा, तंबाखूची सवय आहे का. नातेवाइकांचे सारे लक्ष बाटलीकडे असते. कागद बहुधा घाईत, अर्धामुर्धा भरला जातो. परंतु महाराष्ट्रातील ऊती-परीक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास या कागदाचे महत्त्व बाटलीहून कमी ठरत नाही.

२/
सुरुवात १८५८ पासून करावी लागते. त्या वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखोची व्याख्याने ग्रंथरूपाने आली आणि रोगाचे मूळ ठिकाण पेशी हेच आहे, हा विचार वैद्यकात रुजू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची पहिली आवृत्ती निघाली. आणि त्याच वर्षी त्या ग्रंथाची चित्रे काढणारा तरुण डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर मुंबईत दाखल झाला. ग्रंथ ग्रेच्या नावाने अजरामर झाला. चित्रकाराला त्याच्या विक्रीतला वाटा कधी मिळाला नाही.

३/
कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. तेथे त्याच्यासमोर एक विचित्र व्याधी आली. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायात काटा मोडतो, जखम भरल्यासारखी वाटते. पुढे कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाऊल सुजून बेढब होते, त्याला छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर बारीक दाणे बाहेर येतात. कधी काळे, कधी पांढरट, कधी लालसर. दक्षिणेत मदुराईकडे हा रोग आधीच नोंदला गेला होता, म्हणून त्याला 'मदुरा पाऊल' म्हणत. उपाय एकच होता: पाय कापणे.

४/
कापलेले पाय ही कार्टरची साधनसामग्री. ते चिरून, दाणे वेगळे करून त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जे दिसले ते रेखाटले. दाण्यांत बुरशीचे तंतू होते. रोगाला त्याने 'मायसेटोमा' हे नाव दिले, तेच आजही चालते. १८७४ साली त्याचा या विषयावरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील रुग्णांच्या ऊती पाहून एका रोगाचे कारण शोधण्याचा हा फार आरंभीचा आणि फार नेटका प्रयत्न होता.

५/
कार्टरचे म्हणणे निम्मे बरोबर होते. काळ्या दाण्यांमागे बुरशी असते. पांढरट व लाल दाण्यांपैकी अनेकांमागे मात्र तंतूसारखे वाढणारे जीवाणू असतात, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. हा भेद केवळ पंडिती नाही. बुरशीचे औषध जीवाणूवर चालत नाही आणि जीवाणूचे बुरशीवर. पाय वाचेल की जाईल हे आजही दाण्याच्या तपासणीवर अवलंबून असते.

६/
कार्टरविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १८६३ ते १८७२ तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. म्हणजे ज्या जगातून ते पाय येत, ते जग त्याने पाहिले होते: अनवाणी चालणे, काटेरी बांध, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा उशीर. नंतरच्या काळात प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यातले अंतर वाढत गेले.

७/
ते अंतर तंत्रातूनच आले. ऊतीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये घट्ट होतो, अल्कोहोलमध्ये त्यातले पाणी काढले जाते, मग तो मेणात बसवून मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाइतके पातळ काप काढतात. हे काप काचपट्टीवर चिकटवून दोन रंगांत बुडवतात. एक निळा-जांभळा, जो पेशीचे केंद्रक दाखवतो आणि मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो, दुसरा गुलाबी. दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, रंगांची ही जोडी टिकून आहे. या साऱ्या प्रवासात माणूस मागे राहतो. विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती येते ती क्रमांक घातलेली काच.

८/
आता १९४१. २८ फेब्रुवारी रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. दोराबजींच्या मनातील संकल्प त्यांच्या पश्चात विश्वस्तांनी पूर्ण केला. येथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५, मूळ गोमंतकीय घराणे, लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. आणि मागे मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकीचा अनुभव. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो.

९/
त्या काळी एक समजूत दृढ होती: कर्करोग हा सुधारलेल्या, श्रीमंत देशांचा आजार, हिंदुस्थानात तो विरळा. समजुतीला आधार होता तो नोंदी नसण्याचा. सरासरी आयुष्य तोकडे, रुग्णालये दूर, मृत्यूचे कारण लिहिणारा गावचा पाटील किंवा चौकीदार. ज्याचा तुकडा कधी काचेवर आलाच नाही, त्याचा कर्करोग हिशेबात कसा येणार? टाटा रुग्णालयात देशभरातून माणसे येऊ लागली आणि काचपट्ट्यांचा ढीग वाढू लागला, तसे चित्र उलगडू लागले. रोग विरळा नव्हता. त्याच्या जागा मात्र युरोपाहून वेगळ्या होत्या. येथे तोंड, घसा आणि अन्ननलिका पुढे होत्या.

१०/
१९४५ साली खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी अमेरिकेतील 'आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी' या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता चालीरीतींशी निगडित कर्करोग आणि भारतातील त्याचे तीन नवे प्रकार. पहिला, खालच्या ओठाच्या आतील खोबणीत तंबाखू-चुन्याची खैनी दाबून ठेवणाऱ्यांचा. दुसरा, आंध्र किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांचा. तो टाळूवर होई. आणि तिसरा, कमरेवर धोतर घट्ट कसून बांधणाऱ्यांचा.

११/
या निबंधाचे मर्म असे की काचेखाली हे तीनही कर्करोग जवळजवळ सारखेच दिसतात. तिन्ही त्वचेच्या किंवा तोंडातील अस्तराच्या चपट्या पेशींपासून निघालेले. पेशी आपली पायाची मर्यादा ओलांडून खालच्या ऊतीत घुसतात, केंद्रके मोठी व वेडीवाकडी होतात, मधूनमधून केराटिनचे गोल मोती तयार होतात. निष्णात डोळाही केवळ काच पाहून 'हा धोतराचा, हा चुट्ट्याचा' असे सांगू शकणार नाही. ते कळले कागदावरून: तुकडा शरीराच्या नेमक्या कोणत्या जागेचा, माणूस कुठला, काय नेसतो, तंबाखू कुठे ठेवतो.

१२/
धोतराचा कर्करोग ऐकून आजही भुवया उंचावतात. कोट्यवधी लोक धोतर नेसत आले. त्यांपैकी फारच थोड्यांना हा रोग झाला. ज्यांना झाला त्यांची वाट साधारण एकच. वर्षानुवर्षे त्याच रेषेवर करकचून गाठ, घाम, धूळ, घर्षण. मग तेथली कातडी काळवंडते, जाड होते, पुढे पांढरट पडते. चट्टा चिघळतो, भरतो, पुन्हा चिघळतो. आणि एखाद्याच्या बाबतीत ती जखम भरण्याचे नाकारते. काश्मिरात पोटाशी कांगडी धरणाऱ्यांचा कर्करोग याआधीच माहीत होता. तत्त्व तेच. पुढे परकराची नाडी रोज त्याच जागी आवळणाऱ्या स्त्रियांच्या कमरेवरही असे कर्करोग नोंदले गेले, आणि त्याला साडीचे नाव चिकटले. दोष खरे तर नाडीचा.

१३/
तंबाखूचा मामला संख्येने कितीतरी मोठा होता. येथे खानोलकर पहिले नव्हेत; १९३३ सालीच ऑर या डॉक्टरने त्रावणकोरातील पान-तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. पण संशय आणि पुरावा यांत फरक असतो. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कर्करोगाच्या रुग्णांच्या सवयी इतर रुग्णांच्या सवयींशी ताडून दाखवल्या. धूम्रपान आणि तंबाखू चघळणे, दोन्हींचा हिशेब वेगवेगळा. धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगावरील डॉल आणि हिल यांचा गाजलेला निबंध त्याच नियतकालिकात अवघ्या पाच वर्षांपूर्वी आला होता. मुंबईतले हे काम त्या मानाने फार कमी आठवले जाते, हे अन्यायाचे आहे.

१४/
१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली आणि पुढे या केंद्रात पेशी शरीराबाहेर जिवंत वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. त्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे.

१५/
दरम्यान तपासणीची आणखी एक पद्धत जगभर पसरत होती. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक-अमेरिकी वैद्याने दाखवले की तुकडा न कापता, गर्भाशयमुखावरून खरवडलेल्या सुट्या पेशींवरूनही कर्करोग ओळखता येतो. १९४३ सालच्या त्याच्या ग्रंथानंतर 'पॅप स्मिअर' रूढ झाली. कर्करोग होण्याआधीची अवस्थाही तीत सापडते, हे तिचे खरे मोल. ज्या श्रीमंत देशांनी ती दर तीन-पाच वर्षांनी, नेमाने, घरोघरच्या स्त्रियांसाठी राबवली, तेथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. भारतात ती शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांपुरती राहिली.

१६/
मग प्रश्न पडला: बालाघाटच्या कोरड्या टापूतल्या खेड्यांत ही चाचणी चालेल का? तो विचारला गेला सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. कर्मचारी गावोगाव जाऊन माणसांशी बोलत आणि लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणत. या नोंदींतून दिसले की येथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे आणि तो उशिरा सापडतो.

१७/
१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक भव्य चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे तीत होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ समूह पाडून चार गट केले. एका गटाला पॅप स्मिअर. दुसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची चाचणी. चौथ्या गटात कोणतीही चाचणी नाही, केवळ नेहमीची आरोग्यसेवा आणि रोगाची माहिती. प्रत्येक चाचणी एकदाच.

१८/
निकाल २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी ३४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्मे. पॅप स्मिअरच्या गटात मात्र मृत्यूंत म्हणण्याजोगी घट दिसली नाही; डोळ्यांनी पाहण्याच्या गटातही नाही.

१९/
काचपट्ट्या वाईट वाचल्या गेल्या, असा याचा अर्थ काढणे चूक ठरेल. कर्करोगपूर्व अवस्था पॅप स्मिअरनेही शोधल्या होत्या. अडचण तिच्या स्वभावात आहे. खरवडताना नेमक्या पेशी आल्या पाहिजेत, वाळण्याआधी त्या अल्कोहोलमध्ये गेल्या पाहिजेत, हजारो निरोगी पेशींतून मोजक्या बिघडलेल्या टिपणारा डोळा थकता कामा नये. श्रीमंत देशांत एकदा निसटलेले पुढच्या फेरीत सापडते. तेथील यश त्या फेऱ्यांचे होते. जिच्या आयुष्यात चाचणी एकदाच येणार, तिला पुढची फेरी नाही.

२०/
आणि मग चौथ्या गटाचा प्रश्न. या आणि भारतातील अशाच अन्य चाचण्यांवर कठोर टीका झाली: तपासणीने जीव वाचतात हे जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांना चाचणीविना ठेवणे नैतिक कसे? संशोधकांचे उत्तर होते की त्या भागात तेव्हा कोणतीही तपासणी उपलब्धच नव्हती; नेहमीची सेवा म्हणजे काहीच नसणे. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, पण समाधानकारक नाही. ज्या गरिबीने तुलना शक्य केली, तीच गरिबी तुलनेचे समर्थन म्हणून पुढे करण्यात आली, हा आक्षेप त्याने मिटत नाही.

२१/
त्याचबरोबर हेही खरे की परांडा-भूमच्या बाजूच्या या स्त्रियांनी जगाचे धोरण हलवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पहिली चाचणी म्हणून एचपीव्हीचीच शिफारस केली. पॅप स्मिअर मागे सरली. विषाणूच्या चाचणीत डोळ्याच्या थकव्याला जागा नाही, आणि नमुना बाई स्वतःही घेऊ शकते.

२२/
तरीही विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. बहुतेक स्त्रियांत तो आपोआप नाहीसा होतो. शंकास्पद जागा दिसली, तर तेथून कणभर तुकडा काढावा लागतो. तो फॉर्मालिनमध्ये जातो, मेणात बसतो, निळ्या आणि गुलाबी रंगांत बुडतो, आणि त्याच्या बाटलीला एक कागद जोडलेला असतो.