चुलीमागील कोठी

गेल्या दिवाळींत सांगलीस गेलों असतां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपलें दुरुस्त केलेलें घर आम्हांस मोठ्या हौसेनें दाखविलें. स्वयंपाकघरामागील कोठीची खोली कित्येक वर्षें रिकामी पडली होती. तेथें त्यानें साडेतीन फूट उंचीचा सागवानी कट्टा, त्यामागें काचेच्या फळ्या, कोपऱ्यांत बर्फाची पेटी व पेले विसळण्यापुरता नळ अशी मांडणी केली आहे. ‘सर, याला होम बार म्हणतात,’ तो म्हणाला. पलीकडे त्याच्या मातोश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, ‘कोठीची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे हो, आंत मात्र माझें आतां कांहीं राहिलें नाहीं.’ मद्यपान बरें कीं वाईट, या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. पण त्या बाईंचें हें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना.

कोठी ही अडगळीची जागा नव्हती. सातारा-सांगलीकडील खाऊनपिऊन सुखी अशा घरांत सुगीनंतर जोंधळा, तांदूळ व डाळी यांची वर्षाची बेगमी तेथें होई. गुळाच्या ढेपा, चिंच, हळद, लोणच्याच्या बरण्या, सारें तेथेंच. (व्यापाऱ्यांची हळद मात्र सांगलीजवळ हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटांत सांठविली जाई, २००५ च्या महापुरानें त्या पेवांची मोठी हानि केली.) पुरुषाची मिळकत कोठींत शिरली कीं तिजवर अंमल किल्ली बाळगणारीचा. आल्या पाहुण्यास काय वाढावें, शेजारणीस किती उसनें द्यावें, हें तीच ठरवी. कायद्याच्या कोणत्याहि पुस्तकांत न लिहिलेली ही सत्ता होती, आणि पुष्कळ घरांत स्त्रीच्या वांट्यास आलेली ती एवढीच. पुढें गॅस आला, सरपण गेलें, पीठ पिशवींतून येऊं लागलें. कोठी ओस पडली.

आमच्या पूर्वजांस मद्य ठाऊकच नव्हतें असें म्हणणें निव्वळ ढोंग होईल. पण पांढरपेशा घरांत त्याची जागा उंबऱ्याबाहेर होती. सोंवळ्याच्या चुलीजवळ बाटली येणें ही कल्पनाहि कोणी केली नसती. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें सरकारी परवान्याखालीं आणलें, आणि गुत्ता ही सरकारच्या उत्पन्नाची बाब झाली. साहेबलोकांनींहि स्वयंपाकाची व मद्याची जागा एक केली नव्हती. त्यांच्या बंगल्यांत बाटल्यांची निराळी खोली असे, तिला ‘बॉटलखाना’ म्हणत. बबर्जी रांधी तें घर बंगल्यापासून दूर. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ नाटकांत सुधाकराचा प्याला आर्यमदिरामंडळांत भरतो आणि सिंधूचें जातें घरांत फिरतें. तें जातें रिकामें पडूं लागतें तेव्हां प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. जात्याच्या घरांतच प्याल्याची कायमची सोय करावी, हें मात्र सुधाकरासहि सुचलें नाहीं!

याच मुलखानें मद्याविरुद्ध दोन वेळां कंबर कसली. १९४३ ते १९४६ या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनें सातारा जिल्ह्यांत न्यायदान मंडळें चालविलीं आणि गांवोगांव दारूबंदीहि अंमलांत आणली. या चळवळीचें एक मोठें केंद्र म्हणजे कुंडल. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें, आणि आज कुंडल पलूस तालुक्यांत मोडतें. दुसरी वेळ बायकांची. २००८ पासून लागू झालेल्या शासकीय नियमाप्रमाणें एकूण स्त्रीमतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतें. ज्यांच्या कमरेची किल्ली हलकी झाली होती त्यांच्या हातीं हा शिक्का आला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

इतिहासाचा खट्याळपणा असा कीं, २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें तेव्हां सांगली जिल्ह्यांत वाइनसाठीं जें उद्योगक्षेत्र ठरलें, तें याच पलूस येथें. तासगांवच्या बेदाण्याची ख्याति तर जुनीच. द्राक्षाच्या पडत्या भावानें हवालदिल झालेल्या बागाइतदारास त्याच्या मालाचें आणखी एक गिऱ्हाईक मिळावें, यांत वावगें तें काय? त्याच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींहि तेंच मागितलें असतें.

‘परवाना आहे ना?’ आम्हीं विद्यार्थ्यास विचारलें. त्यानें भिंतीवरील चौकट दाखविली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि तो माणसाच्या नांवें मिळतो, घराच्या नांवें नव्हे. चौकटींत अर्थातच त्याचें एकट्याचें नांव होतें. ज्या खोलीवर पिढ्यान्‌पिढ्या सासूकडून सुनेकडे जाणाऱ्या किल्लीचा हक्क चालला, तिच्यावर आतां मुलाच्या नांवाचा कागद लागला आहे. त्यानें खोली घेतली, पैसे खर्चिले, सुतार आणला. विचारलें नाहीं तें फक्त आईला. यांत त्याची दुष्टबुद्धि मुळींच नव्हती. जागा रिकामी आहे असें त्यास मनापासून वाटत होतें.

निघतेवेळीं बाईंनीं त्याला इतकेंच सांगितलें कीं, यंदाची हळद यावयाची आहे, खालची एक फळी मोकळी ठेव. त्यानें लागलीच चार बाटल्या वर चढविल्या आणि वितीनें फळीची उंची मोजली. हळदीचा डबा आंत बसतो, पण बाहेर ओढल्यावांचून झांकण उघडत नाहीं. सुतारास पुन्हां बोलावूं, असें तो म्हणाला. बाईंनीं तांदळाचें सूप पुढें ओढलें.