विनिपेगची गहू-परीक्षा

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांचा गहू, आणि त्याचा हिशेब विनिपेगला, अशी कॅनडाच्या धान्यव्यापाराची जुनी रीत. 1912 च्या कायद्याने धान्य नियामक मंडळ आले आणि पुढच्याच वर्षी विनिपेगला त्याची धान्य संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आज या मंडळाला कॅनेडियन ग्रेन कमिशन म्हणतात. धान्यावर अदृश्य उजेड पाडून त्यातले घटक मोजण्याचे, निकट-अवरक्त वर्णपटाचे तंत्र कॅनडात रुजले ते या प्रयोगशाळेत. ते एखाद्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रुजले नाही, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या यशाचे मूळ इथेच आहे. विद्यापीठात एखादा प्रयोग जमला की शोधनिबंध होतो आणि काम संपते. इथे मात्र रेल्वेच्या वॅगनी रांगेत उभ्या होत्या.

साठ वर्षे गव्हाची प्रत मुख्यतः नजरेने ठरत असे. निरीक्षक मूठभर दाणे पाहून रंग, टपोरेपणा, मोड, थंडीने झालेले नुकसान हेरत. पण पाव करणाऱ्याला हवे असते ते प्रथिन. ब्रिटनमधले गिरणीवाले आपल्याकडच्या हलक्या गव्हात कॅनडाचा कणखर लाल गहू मिसळत ते त्याच्यासाठीच. अमुक टक्के प्रथिन असलेलाच माल द्या, असा आग्रह गिऱ्हाइकांनी धरला आणि 1971 पासून वरच्या प्रतीचा लाल वसंती गहू प्रथिनाच्या हमीसह विकायला सुरुवात झाली.

हमी देणे सोपे, मोजणे कठीण. प्रथिन मोजण्याची मान्य पद्धत योहान येल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये दिलेली. दळलेला गहू तीव्र गंधकाम्लात उकळायचा, उत्प्रेरक म्हणून पारा घालायचा, निघालेला अमोनिया मोजून नायट्रोजन काढायचा आणि त्याला 5.7 ने गुणायचे. उत्तर चोख, पण वेळखाऊ. बंदरावर गहू कोणत्या कोठारात टाकायचा हे वॅगन रिकामी होण्याआधी ठरवावे लागते. शिवाय हजारो नमुन्यांचा आम्ल-पारा मिसळलेला घाण मळ टाकायचा कुठे?

याच काळात अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथे, कृषी खात्यातले अभियंते कार्ल नॉरिस धान्यावर अवरक्त उजेड पाडून त्यातले पाणी, तेल, प्रथिन मोजू पाहत होते. तत्त्व असे: दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडे, साधारण 780 ते 2500 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, हायड्रोजनचे बंध ठराविक ठिकाणी उजेड शोषतात. प्रथिनाची खूण 2180 च्या आसपास, स्टार्चची 2100 ला, पाण्याची 1940 ला. दळलेल्या गव्हावरून परतलेला उजेड मोजला की थोड्याच वेळात आकडा मिळतो. आम्ल नको, पारा नको. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अशी यंत्रे बाजारात आली. विनिपेगच्या प्रयोगशाळेतल्या फिल विल्यम्स यांनी ती हाताळली, 1975 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेने प्रथिनाच्या नित्य तपासणीत येल्डालची जागा या यंत्राला दिली. सरकारी धान्यतपासणीत असे धाडस करणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी ही एक.

धाडस म्हणायचे कारण असे की हे यंत्र स्वतः काहीच जाणत नाही. आधी शेकडो नमुने येल्डाल पद्धतीने मोजायचे, मग तेच यंत्राला दाखवायचे, आणि दोन्हींतला संबंध गणिताने बसवायचा. हेच कॅलिब्रेशन. त्यात फसवणुकीच्या जागा पुष्कळ. दळण जाड की बारीक यावर परतणारा उजेड बदलतो. विल्यम्स यांनी 1978 मध्ये यावर सहकाऱ्यासह लिहिले. तापमानाचाही घोळ होता. कॅनडाच्या प्रेअरी मैदानांवरच्या हिवाळ्यात उणे तीस अंशांतून आलेला गहू आणि खोलीत ऊब आलेला गहू यांच्यातले पाणी उजेडाला निराळे दिसते. 1982 चा त्यांचा या विषयावरचा निबंध नॉरिस यांच्याबरोबरचा आहे. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात अशा गोष्टी सहसा नसतात. त्या रोज हजारो नमुने हाताळणाऱ्यालाच कळतात.

1987 मध्ये विल्यम्स आणि नॉरिस यांनी शेती व अन्न उद्योगातल्या या तंत्रावरचा ग्रंथ संपादित केला. तो या क्षेत्रातल्या अनेकांचा पहिला गुरू ठरला. कॅलिब्रेशन कामाचे आहे की नाही हे सांगणारे, नमुन्यांमधला फरक आणि अंदाजातली चूक यांचे गुणोत्तर विल्यम्स यांनीच रूढ केले. त्यावर आजही वाद झडतात, आणि माप म्हणून ते जरा भोळेच आहे. पण नवख्याला भानावर आणायला उपयोगी पडते. विनिपेगचा हा अनुभव सीरियातल्या अलेप्पोजवळच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रातही पोहोचला, तिथल्या पीक-गुणवत्ता प्रयोगशाळेच्या उभारणीत विल्यम्स यांचा हात होता.

पुढचा टप्पा दळण टाळण्याचा. अख्ख्या दाण्यातून उजेड आरपार पाठवणारी यंत्रे आली आणि दळणाच्या जाडीचा प्रश्नच मिटला. गव्हामागोमाग कॅनोला या तेलबियांची पाळी आली. तेल, प्रथिन आणि दाणा हिरवट राहिल्याचे सांगणारे क्लोरोफिल एकाच वाचनात मिळू लागले. शेतकऱ्यांकडून टपालाने नमुने मागवून प्रत आणि प्रथिन कळवण्याच्या प्रयोगशाळेच्या वार्षिक उपक्रमालाही याच यंत्रांचा आधार मिळाला. 1995 मध्ये या विषयाची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद माँट्रियलला भरली.

दरम्यान 2008 मध्ये, दाण्याच्या रूपावरून गव्हाचा वर्ग ओळखता आलाच पाहिजे ही नवीन वाणांवरची अट कॅनडाने काढून टाकली; नजरेवरचा भरवसा आणखी कमी झाला. कॅलिब्रेशनसाठी टिकून राहिलेली येल्डाल पद्धतही मागे पडली, तिच्या जागी नमुना जाळून नायट्रोजन मोजणारे यंत्र आले. पण कॅलिब्रेशनला रासायनिक पुराव्याचा आधार लागतोच. नवे वाण आले, पावसाळी हंगाम आला की जुने समीकरण पुन्हा तपासावे लागते.

आणि काही गोष्टी या उजेडाला दिसत नाहीत. मोड येऊ लागलेल्या दाण्यात स्टार्च फोडणारे विकर वाढते, अगदी किंचित, पण पावाचा चिकट गोळा करण्याइतके. प्रथिन टक्क्यांत असते म्हणून त्याचा ठसा उमटतो. हे विकर इतके थोडे की त्याचा माग लागत नाही. त्यासाठी पीठ पाण्यात कालवून, तापवून त्या लापशीतून दांडा किती सेकंदांत खाली उतरतो हे मोजतात.